यंत्राला कुंपण, मुलाला केवळ नजर

दसऱ्याच्या सुमारास ऊसपट्ट्यात बॉयलरचे अग्निप्रदीपन होते, पुढे गव्हाणीत पहिली मोळी पडते आणि गळिताचा हंगाम सुरू होतो. बारामती-इंदापूर रस्त्यावरील भवानीनगरला, श्री छत्रपती सहकारी साखर कारखान्याच्या परिसरात, हे दृश्य सहा दशकांहून अधिक काळ लोकांच्या अंगवळणी पडले आहे. कोणत्याही साखर कारखान्यात पाऊल टाकले की एक गोष्ट डोळ्यांत भरते. फिरत्या चाकाला जाळी असते, पट्ट्याला आवरण असते, खड्ड्यावर झाकण आणि जिन्याला कठडा असतो. ही कोणा व्यवस्थापकाच्या दयाबुद्धीची देणगी नव्हे. यंत्राच्या धोकादायक भागांना कुंपण घालणे आणि जमिनीतील खड्डे, हौद व उघडी भोके झाकणे १९४८ च्या कारखाना कायद्याने बंधनकारक केले. धडधाकट, जाणता, पगारी माणूसही दिवसभर अखंड सावध राहू शकत नाही. त्याचे लक्ष चुकणारच, आणि चुकले तरी त्याचा हात जाता कामा नये, हे तत्त्व या देशाने तेव्हाच मान्य केले.

परंतु कारखान्याच्या फाटकाबाहेर पडून त्याच कामगाराच्या, शेतकऱ्याच्या किंवा शिक्षकाच्या घरात शिरले की हे तत्त्व आपण विसरतो. तेथे अंगणात कडबाकुट्टीचे यंत्र उघडे उभे असते, जमिनीखालच्या टाकीवर फुटकी फरशी असते, गच्चीला कठडा नसतो. आणि या सर्वांमध्ये दीड वर्षाचे मूल दुडदुडत असते. त्याच्या संरक्षणाची व्यवस्था काय, असे विचारले तर उत्तर एकच मिळते: आई लक्ष ठेवते. जाणत्या पुरुषासाठी लोखंडी जाळी आणि अजाण बालकासाठी मात्र एका थकलेल्या स्त्रीची नजर, हा न्याय उलटा आहे.

‘लक्ष ठेवा’ हा उपाय नव्हे

घरातील अपघातात एखादे मूल दगावले की भोवतालचा समाज दोनच निष्कर्ष काढतो. एक, त्याचे आयुष्यच तेवढे होते. दोन, आईचे लक्ष नव्हते. पहिल्या निष्कर्षाने विचार थांबतो, दुसऱ्याने अन्याय होतो. ज्या स्त्रीला पहाटे पाणी भरायचे आहे, धारा काढायच्या आहेत, डबे करायचे आहेत आणि नंतर खुरपायला किंवा शाळेत शिकवायला जायचे आहे, तिने मुलावर क्षणभरही नजर हटू न देता लक्ष ठेवावे, ही अपेक्षा मुळातच अशक्य आहे. प्रत्यक्ष यशोदेलाही ताक घुसळणे आणि कृष्णावर लक्ष ठेवणे एकाच वेळी जमले नाही. तिने अखेर त्याला उखळाला बांधले, आणि तो उखळासकट निघाला! आपल्या परंपरेने ही कथा कौतुकाने जपली. परंतु तिच्यातील दुसरा अर्थही ध्यानात घेण्याजोगा आहे. मूल आपल्या नजरेपेक्षा चपळ असते.

अमेरिकेतील वैद्यक विल्यम हॅडन यांनी १९६० आणि १९७० च्या दशकांत अपघातांचा विचार रोगांप्रमाणे केला. माणसाला उपदेश करत बसण्यापेक्षा उष्णता, वीज, विष, उंची आणि मूल यांच्यामध्ये काहीतरी आडवे घालावे, हे त्यांच्या विचाराचे सार. त्याच काळात तसे कायदेही झाले. १९७० साली अमेरिकेत विषारी पदार्थ आणि औषधे यांच्या बाटल्यांना लहान मुलाला उघडता न येणारे झाकण सक्तीचे करणारा कायदा आला. १९७६ साली न्यूयॉर्क शहराने दहा वर्षांपर्यंतची मुले राहत असलेल्या सदनिकांच्या खिडक्यांना गज बसवण्याची जबाबदारी घरमालकांवर टाकली. आयांना आणखी सावध करण्याऐवजी खिडकी सावध केली गेली, आणि खिडकीतून पडणाऱ्या मुलांची संख्या घटली. आपल्याकडे औषधाच्या बाटलीला असे झाकण आजही क्वचितच आढळते.

घर बदलले, सवयी त्याच

आपल्या पूर्वजांना ही दृष्टी नव्हती असे मात्र मुळीच नाही. जुन्या घराकडे नीट पाहिले तर त्यात मुलांसाठी केलेली कितीतरी योजना दिसते. दूध-लोणी शिंक्यावर टांगलेले असे; औषधाची मात्रा फडताळात, सहाण वरच्या फळीवर. दाराची कडी उंचावर असे. उंबरठा उंच असे, तो रांगत्या मुलाला ओलांडता येत नसे. आडाला हातभर कठडा असे. शिवाय पडवीत आजी-आजोबा असत. हे सारे कोणी ‘सुरक्षा’ म्हणून योजले नसेल, पण ते सुरक्षेचे काम करी.

नीरा डावा कालवा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या दुष्काळी मुलखात आला, पुढे ऊस आला, कारखाने आले, आणि त्यांच्यामागून सिमेंटची घरे आली. या समृद्धीचे स्वागतच केले पाहिजे. पण नव्या घराने जुनी योजना मोडली आणि तिच्या जागी नवी उभी केली नाही. उंबरठा सपाट झाला. चूल गेली आणि ओटा आला, त्याच्या काठाला कढईचा दांडा बाहेर डोकावू लागला. विजेच्या बटणांची पेटी गुडघ्याच्या उंचीवर आली. वरचा मजला ‘पुढे बांधू’ म्हणून स्लॅब उघडी राहिली आणि जिना कठड्यावाचून वर्षानुवर्षे तसाच राहिला. पडवी गेली, एकत्र कुटुंब विभागले आणि लक्ष ठेवणारे डोळेही कमी झाले. म्हणजे नजरेवरचा भार वाढला, नजरा मात्र घटल्या.

या नव्या घरात विषही नव्या रूपाने शिरले आहे. पूर्वी रॉकेल प्यायलेली मुले दवाखान्यात येत. आता शेतीची औषधे घरात, बहुधा पलंगाखाली किंवा मोरीच्या कोपऱ्यात ठेवलेली असतात. आणि मोठ्या डब्यातून थोडेसे औषध काढून ते शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवण्याची पद्धत सर्रास आहे. मुलाला वाचता येत नाही. त्याला बाटलीचा आकार आणि रंग तेवढा ओळखता येतो. पॅराक्वाट या तणनाशकावर वैद्यकशास्त्रात आजही उतारा नाही. तेव्हा कीटकनाशक मूळ डब्याखेरीज कशातही ठेवू नये आणि तो डबा कुलपातच असावा, एवढा एक नियम ऊसपट्ट्यातील प्रत्येक घराने पाळला तरी मोठे काम होईल. खेळण्यातील किंवा रिमोटमधील बटणाएवढी चपटी बॅटरी मुलाने गिळली तर ती अन्ननलिकेत दोन तासांत गंभीर भाजल्यासारखी जखम करते. हे तर अनेक सुशिक्षित घरांतही ठाऊक नसते.

यांतील बहुतेक उपाय स्वस्त आहेत. आंघोळीच्या बादलीत आधी गार पाणी घ्यावे, मग कढत. म्हणजे मध्येच मुलाने हात घातला तरी तो भाजत नाही. कढईचा दांडा भिंतीकडे वळवावा. भरलेली बादली, पिंप मोरीत उघडे ठेवू नये. नुकते चालू लागलेले मूल बादलीत डोकावताना डोक्याच्या भाराने आत जाते आणि त्याला स्वतःहून बाहेर येता येत नाही. विजेच्या मुख्य फलकावर ३० मिलिअँपिअरच्या गळतीला प्रवाह तोडणारे उपकरण बसवावे. त्याचा खर्च एखाद्या साध्या मोबाइलपेक्षा अधिक नाही. कडबाकुट्टीच्या मुखाला आणि पट्ट्याला जाळी असावी, काम संपताच तिची वीज तोडावी. अंगणात ट्रॅक्टर मागे घेताना घरातील मुले कोणाच्या तरी हाताशी आहेत याची खात्री केल्यावाचून गियर टाकू नये.

आणि हे सारे मुलाच्या एक पाऊल आधी व्हावे. चार-पाच महिन्यांचे मूल पालथे पडते. म्हणजे त्याला पलंगावर एकटे ठेवण्याचे दिवस संपले. आठ-नऊ महिन्यांचे मूल रांगते आणि चिमटीने मणी उचलते, वर्षाचे चालते, दोन वर्षांचे खुर्चीवर खुर्ची रचून चढते. मूल चढल्यावर फळी उंच करणारा बाप उशीरच करत असतो. घरातील कर्त्या माणसाने एकदा स्वतः गुडघ्यांवर रांगत सारे घर फिरून पाहावे. आपल्याला उभ्याने न दिसणारे खिळे, तारा, गोळ्या आणि फटी त्या उंचीवरून स्पष्ट दिसतात.

पाण्याचे वरदान आणि पाण्याचे भय

या मुलखात घर भिंतींपाशी संपत नाही. ते पाटापर्यंत, विहिरीपर्यंत, शेततळ्यापर्यंत पसरलेले असते, आणि ज्या पाण्याने येथे लक्ष्मी आणली तेच पाणी लहान मुलाचा सर्वांत मोठा शत्रू आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगात सुमारे ३ लाख माणसे बुडून मरण पावली, आणि त्यांत जवळजवळ चौथा हिस्सा पाच वर्षांखालील बालकांचा होता. बुडणे मूक असते. पोहता न येणारे मूल हाका मारत नाही. त्याला श्वासच पुरत नाही.

शेततळ्याचा धोका विशेष आहे. त्याच्या उतरत्या भिंतींवर प्लॅस्टिकचा कागद अंथरलेला असतो. ओला झाल्यावर तो इतका निसरडा होतो की पोहणाऱ्या माणसालाही वर चढता येत नाही. तेव्हा शेततळ्याला चारी बाजूंनी जाळीचे कुंपण आणि बंद होणारे फाटक हवे, आणि आत काठाला बांधलेले, गाठी मारलेले दोर पाण्यात सोडलेले हवेत. वापरात नसलेल्या कूपनलिकांबाबत तर सर्वोच्च न्यायालयाने २०१० सालीच आदेश दिले आहेत: खोदकामाच्या जागी कुंपण आणि फलक हवा, तोंडावर पोलादी झाकण हवे, सभोवती काँक्रीटचा चौथरा हवा, आणि सोडून दिलेली कूपनलिका तळापासून वरपर्यंत बुजवलेली हवी. त्यानंतरही देशात मुले कूपनलिकांत पडतच राहिली. ज्या शिवारात पाण्यासाठी जागोजाग भोके पाडली जातात, तेथे ग्रामपंचायतीने वर्षातून एकदा शिवारफेरी काढून उघड्या भोकांची नोंद करणे अवघड नाही.

बांगलादेशाचा अनुभव या बाबतीत आपल्याला फार काही शिकवणारा आहे. तेथे घरोघरी तळी आहेत आणि मुले बहुधा सकाळी, आई घरकामात गुंतलेली असताना, घरापासून काही पावलांवरच्या तळ्यात बुडतात असे आढळले. तेव्हा ‘आंचल’ नावाने गावोगाव साधी पाळणाघरे निघाली. गावातीलच एक प्रशिक्षित बाई एक ते पाच वर्षांची मुले सकाळी नऊ ते दुपारी एक अशी सांभाळते. एवढ्यानेच त्या मुलांतील बुडण्याचे प्रमाण ऐंशी टक्क्यांहून अधिक घटल्याचे अभ्यासात दिसले. तेथेही आयांना दोष देण्यात कोणी वेळ घालवला नाही. दिवसातील धोक्याचे चार तास ओळखून ते झाकले, इतकेच.

आपल्याकडे १९७५ सालापासून अंगणवाडी आहे. पण तीत बसणारे मूल तीन वर्षांचे असते. त्याआधीच्या वयाला पोषक आहार मिळतो, लस मिळते, वजन होते. मात्र त्याला दिवसाचे चार तास सांभाळणारे कोणी मिळत नाही. आणि बुडण्याचे, भाजण्याचे, विष चाखण्याचे खरे वय तर एक ते तीन हेच. केंद्र शासनाच्या ‘पालना’ योजनेत अंगणवाडीला जोडून पाळणाघर चालवण्याची तरतूद आहे. बारामती आणि इंदापूर तालुक्यांतील कालव्याकाठच्या गावांनी ही मागणी रस्त्याच्या आणि सभामंडपाच्या मागणीइतक्याच आग्रहाने का करू नये?

ज्यांना घरच नाही त्यांचे घर

आतापर्यंत भिंती असलेल्या घरांचा विचार झाला. पण हंगाम सुरू झाला की या भागात बीड, अहिल्यानगर, जालना अशा जिल्ह्यांतून ऊसतोडणी कामगारांच्या टोळ्या येतात आणि त्यांची पाचटाची वा ताडपत्रीची कोपी हेच चार-पाच महिने त्यांच्या मुलांचे घर असते. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. दोघांनाही पहाटेच्या अंधारात फडात उतरावे लागते. मागे तान्हे मूल कोपीत राहते किंवा फडाच्या बांधावर, गाडीच्या सावलीत झोळीत झुलते. त्याची राखण करणारी बहुधा सात-आठ वर्षांची बहीण असते, जी स्वतः शाळेत असायला हवी. अशा कोपीत चूल आणि पाचट हाताच्या अंतरावर असतात. बैल असतात, ट्रॅक्टर असतात, धार लावलेला कोयता असतो, शेजारून कालवा वाहत असतो. जमिनीवर झोपलेल्या माणसांना रात्री मण्यार चावते आणि पुष्कळदा दंशाची जागाही दिसत नाही. विंचूदंशावर महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी १९८० च्या दशकात प्राझोसिनचा उपचार रूढ करून असंख्य मुलांचे प्राण वाचवले. पण त्या औषधापर्यंत मूल वेळेवर पोहोचावे लागते, आणि मुळात दंश टळावा हे अधिक बरे. अंथरुणाखाली नीट खोचलेली मच्छरदाणी आणि कोपीपासून दूर रचलेले सरपण या दोन गोष्टी येथे औषधाआधी येतात.

‘घर सुरक्षित करा’ असे या आईला सांगणे ही क्रूर थट्टा ठरेल. कुलूप लावायला तिच्याकडे कपाट नाही, उंच ठेवायला फळी नाही. १९४८ च्या कायद्याने तीसपेक्षा अधिक स्त्रिया कामाला असलेल्या कारखान्याला पाळणाघर सक्तीचे केले. प्रसूती लाभ कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीने पन्नास वा अधिक कर्मचाऱ्यांच्या आस्थापनांना तेच सांगितले. परंतु तोडणी कामगार मुकादमाकडून उचल घेऊन येतो, कारखान्याच्या हजेरीपटावर त्याचे नाव नसते, आणि म्हणून त्याचे मूल कायद्याच्या कुंपणाबाहेर राहते. ज्या उसावर कारखाना चालतो तो तोडणारे हात आपले, पण त्या हातांनी वाढवायची मुले परकी, ही भूमिका सहकाराच्या कोणत्याही व्याख्येत बसणारी नाही.

यावर तोडगा शोधण्यासाठी फार लांब जाण्याचे कारण नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले आणि पुढे अनुताई वाघांच्या साथीने ते काम कोसबाडला नेले. आदिवासींची मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसले तेव्हा त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली; ‘अंगणवाडी’ हा शब्द आणि ती कल्पना यांचे मूळ तेथे आहे. १९६९ साली मीरा महादेवन यांनी दिल्लीत बांधकाम मजुरांच्या मुलांसाठी फिरती पाळणाघरे सुरू केली आणि तो प्रयोग पुढे मुंबई-पुण्यालाही आला. इमारत संपली की पाळणाघर पुढच्या इमारतीकडे जाते. मग फड बदलला की पाळणाघरानेही पुढच्या फडाकडे का जाऊ नये?

दर टोळीमागे दोन बाया तोडणीतून मोकळ्या करून त्यांच्याकडे मुले सोपवावीत आणि त्यांना तोडणीइतकीच मजुरी द्यावी. कारखान्याने कुंपण घातलेली सावलीची जागा, पाणी आणि दूध पुरवावे. जवळच्या अंगणवाडी सेविकेने आठवड्यातून एकदा यावे. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ याच वर्गासाठी स्थापन झाले आहे. त्याच्या पैशाचा यापेक्षा चांगला विनियोग सुचवणे कठीण आहे. मोठ्या मुलांसाठी साखरशाळा आणि वसतिगृहे यांचा विचार झाला. झोळीतल्या मुलाचा विचार आता व्हावा. शिवाय धाकटे मूल पाळणाघरात गेले की त्याची राखण करणारी बहीण आपोआप शाळेसाठी मोकळी होते. एका खर्चात दोन मुले सुटतात.

आक्षेप आणि उत्तर

या विचारावर दोन आक्षेप येतात. ‘आमच्या वेळी असले काही नव्हते, आम्ही वाढलोच ना?’ हा पहिला. वाढले ते आज हा प्रश्न विचारायला उरले आहेत. जे उरले नाहीत त्यांची साक्ष कोण काढणार? जुन्या पिढीतील कोणत्याही घरात विचारावे, विहिरीत गेलेले किंवा चुलीत पडलेले एखादे भावंड आठवणीत निघतेच. दुसरा आक्षेप अधिक विचार करण्याजोगा आहे. मुलाला काचेच्या कपाटात ठेवले तर ते वाढणार कसे? हे खरे आहे की मुलाने पडावे, धडपडावे, झाडावर चढावे. गुडघा फुटणे हा शिक्षणाचा भाग आहे. पण गुडघा फुटून मूल शिकते. हौदात बुडून ते काही शिकत नाही. कुंपण पहिल्या प्रकारच्या पडण्याला नको, दुसऱ्या प्रकारच्या पडण्याला हवे. किंबहुना हौदावर झाकण असेल तरच आई मुलाला अंगणात मोकळे सोडू शकते.

आणि इतके करूनही अपघात झालाच तर काय करावे हे प्रत्येक शाळेत शिकवले पाहिजे. भाजलेल्या जागेवर शाई, पेस्ट वा तूप न लावता वीस मिनिटे वाहते साधे पाणी सोडावे. विष पोटात गेले असता उलटी करवू नये आणि त्या औषधाचा डबा दवाखान्यात बरोबर न्यावा. सर्पदंशावर आवळपट्टी बांधू नये. बुडालेल्या मुलाला पाय धरून गरगर फिरवू नये. त्याच्या तोंडात श्वास भरावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. नववीतल्या मुलीला हे तासाभरात शिकवता येते, आणि घरी भावंडे सांभाळणारी बहुधा तीच असते.

शिक्षकांनी एका शनिवारी विद्यार्थ्यांना गृहपाठ द्यावा: आपल्या घरातील व शेतातील दहा धोक्यांची यादी करून आणावी आणि त्यांतील तीन त्याच आठवड्यात दूर करावेत. ग्रामपंचायतीच्या लिपिकाने घरबांधणीची नोंद करताना गच्चीचा कठडा आणि टाकीचे झाकण विचारावे. पतपेढीने गोठ्यासाठी आणि यंत्रासाठी कर्ज देताना त्या यंत्राच्या जाळीचाही पैसा त्यात धरावा. कालवा गावातून जातो तेथे धुण्याच्या घाटाला पायऱ्या आणि कठडा मिळावा, यासाठी पाटबंधारे खात्याकडे ठराव जावेत. यांतील कोणत्याही गोष्टीला क्रांती लागत नाही. ऊसपट्ट्याने याहून कितीतरी अवघड गोष्टी सहकाराने करून दाखवल्या आहेत.

येत्या हंगामात गव्हाणीत पहिली मोळी टाकली जाईल तेव्हा गव्हाणीभोवतीचा कठडा जागेवर असेल. तशी सक्तीच आहे. त्या कठड्याचा एक तुकडा कारखान्याच्या फाटकाबाहेर, हौदापाशी, शेततळ्यापाशी आणि कोपीपाशी नेणे, एवढेच काम उरले आहे.